अप्पांच्या पायाखालचं घर

महानंदा म्हेत्रेच्या भाकरीविरुद्ध पहिली तक्रार आली, ती आकडेवारीसकट. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांपासून नऊ अडतीसपर्यंत एकूण थापा पाचशे चार, सर्वांत जोरकस थापा सातव्या भाकरीच्या वेळी. खाली रंगीत आलेख. आलेखाखाली नम्र विनंती, आणि विनंतीखाली 'कळावे, आपला शेजारी, हेमंत शेटे, सदनिका २०४'.

सोसायटीच्या मोबाईल अॅपचं नाव 'शेजारधर्म' होतं. २०४१ साली सोलापुरातल्या विजापूर रस्त्यावरच्या निम्म्या इमारती ते वापरायच्या, आणि त्यावरून मुख्यतः एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या निघायच्या.

"सातव्या भाकरीला काय झालतं गं?" मल्लिनाथनं आलेख बघत विचारलं. तो सोलापूर-हैदराबाद बस चालवायचा आणि दिवसाआड घरी असायचा.

"सातवी तुमची असतीय," महानंदा म्हणाली. "तुमाला मोठी लागती म्हून."

तो हसला. तिला मात्र हसू आलं नाही. ज्वारीची भाकरी थापल्याशिवाय होत नाही, हे सोलापुरात जन्मलेल्या माणसाला आलेख काढून सांगायचं का? शिवाय हा शेटे काही परदेशातून आलेला नव्हता. अक्कलकोट नाक्याजवळ लहानाचा मोठा झालेला, आईच्या हातच्या भाकऱ्या खाऊनच पंचावन्न वर्षांचा झालेला गृहस्थ! आता तो घरबसल्या लोकांना मनःशांतीचे पाठ द्यायचा. जगभरातली माणसं कानात यंत्रं घालून त्याचा आवाज ऐकत डोळे मिटून बसायची. लोकांना शांती वाटणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र भाकरी थापायच्या काटवटीचा आवाज सोसत नव्हता.

छताला त्यानं बशीएवढ्या तीन चकत्या चिकटवल्या होत्या. वरच्या घरात काय आपटलं, कुठे आपटलं, किती जोरात, हे त्या मोजायच्या. पुढच्या दोन महिन्यांत तक्रारी सतरावर गेल्या. शेंगांची चटणी कुटणं, खुर्ची सरकवणं आणि सगळ्यांत जास्त वेळा 'काठी टेकत चालणे'.

काठी अप्पांची होती, आणि तिथेच महानंदाचं डोकं फिरायचं.

अप्पा म्हणजे गुरुसिद्ध म्हेत्रे, तिचे सासरे, वय एकोणऐंशी. त्यांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. एका छपराखाली चोवीस माग धडधडत असायचे, त्यात कान गेले. मग काचबिंदूनं डोळे खाल्ले. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर दहातला एखादा शब्द पोचायचा, बाकी सगळं बंद.

पण अप्पा अडले नव्हते. मागावर धागा तुटला की तो कानाला ऐकू येण्याचा प्रश्नच नसायचा. मागाच्या थरथरीत जरासा फरक पडे आणि तो तळपायाला कळे. अप्पा चाळीस वर्षं अनवाणी उभे राहिले ते त्यासाठीच. कान आणि डोळे गेल्यावर तेच तळपाय त्यांच्या कामी आले. घरातली फरशी त्यांना सगळं सांगायची. भाकरी थापायला लागली की महानंदा स्वयंपाकघरात आहे. टाचा जोरात पडल्या की मल्लिनाथ आला. धुण्याचं यंत्र फिरतंय, म्हणजे बारा वाजत आले. काठी टेकली की तिचा ठोका भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा, त्यावरून दार किती लांब आहे हेही त्यांना समजायचं. खुर्चीत बसल्या बसल्या ते हाळी द्यायचे, "आज चौदा झाल्या की गं. पावणं येनार हायत का?" आणि खरंच कुणीतरी येणार असायचं.

तक्रारींना कंटाळून महानंदानं एकदा काटवटीखाली अप्पांनीच विणलेली जुनी चादर चौपदरी घालून पाहिली. अर्ध्या तासात अप्पा काठी टेकत दारात हजर. "आज भाकरी न्हाई का गं? बरं न्हाई का तुला?" तिनं त्यांचा हात धरून तव्यावरच्या वाफेवर नेला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. चादर तिनं त्याच दिवशी कपाटात ठेवली.

मग आषाढातल्या एका सकाळी शेटे स्वतः वर आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"वहिनी, झालं गेलं विसरून जा," तो म्हणाला. "मी छताला निःस्पंद पटल बसवून घेतलंय. आता तुम्ही खुशाल थापा, कुटा, नाचा. मला काही कळणार नाही. माझी तक्रार संपली."

महानंदाला इतकं हलकं वाटलं, की तिनं त्याला बसवून चहा दिला. जाताना शेंगांच्या चटणीची पुडीसुद्धा दिली. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी तिला तो भला माणूस वाटला. पुढे कित्येक दिवस ती चटणी तिच्या मनात सलत राहिली.

त्याच संध्याकाळी अप्पांनी पहिल्यांदा विचारलं, "कोन हाय का घरात?"

महानंदा त्यांच्यापासून चार हातांवर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं उठून त्यांचा हात दाबला. ते दचकले. आजवर ती जवळ येताना ते कधी दचकले नव्हते, दोन पावलं आधीच त्यांचं तोंड तिच्याकडे वळलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच दहा वेळा विचारलं. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दाराऐवजी भिंतीवर गेले आणि कपाळाला खोक पडली. चौथ्या दिवशी त्यांनी काठी खाली ठेवली आणि खुर्चीतून उठायचंच नाकारलं. पायाचे अंगठे फरशीवर दाबून धरत, टाचा घासत, आणि मधूनच मोठ्यानं म्हणत, "सगळे कुटं गेले? मला एकट्याला टाकून गेले का?"

सगळे तिथेच होते.

डॉक्टरांनी तपासलं आणि वयाकडे बोट दाखवलं. म्हातारपणी मेंदू दगा देतो, म्हणाले. महानंदानंही ते खरं मानलं. अप्पांना चळ लागला, या विचारानं ती भाकऱ्या थापता थापता डोळे पुसत राहिली. त्या थापा आता कुणापर्यंतच पोचत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला कान होते ना! तिला आपल्या थापा नेहमीसारख्याच ऐकू येत होत्या.

ध्यानात आलं ते नवव्या दिवशी. चटणी कुटता कुटता लोखंडी बत्ता तिच्या हातून निसटला आणि मांडीजवळ फरशीवर आपटला. आवाज झाला, पण मांडीखाली काहीच झालं नाही. नेहमी असा हादरा बसतो की बाजूचा तांब्या थरथरतो. तिनं बत्ता उचलून मुद्दाम आपटला. एक हात फरशीवर पालथा ठेवून पुन्हा आपटला. फरशी मेल्यासारखी गप्प होती.

ती तशीच पिठाच्या हातानं जिना उतरली. शेट्याच्या दारात पटल बसवणाऱ्या कंपनीची तंत्रज्ञ पाहणीसाठी आली होती. शाहीन मुजावर तिचं नाव, पंचविशीतली, गळ्यात ओळखपत्र. महानंदानं तिला गाठलं आणि विचारलं, "पोरी, हे नेमकं करतंय तरी काय?"

"काकू, झोपाळा बघितलाय ना?" शाहीन म्हणाली. "तो तुमच्याकडं येताना बरोबर तेवढाच उलटा धक्का दिला, तर जागच्या जागी थांबतो. हे पटल तेच करतं. भाकरीच्या पापुद्र्याएवढं पातळ आहे, पण त्यात हजारो बारीक स्फटिक आहेत. वर थाप पडली की स्लॅब किंचित वाकतो. स्फटिकांना ते आधी कळतं आणि ते लगेच स्लॅबला उलट्या बाजूनं तेवढंच ढकलतात. थरथर उठायच्या आधीच मरते. खाली आवाज येणार कुठून?"

"आणि वर?"

"वर म्हणजे?"

"स्लॅबला दोन बाजू असत्यात की न्हाई? ह्यांचं छत म्हंजे आमची फरशी. खाली मेलेली थरथर वर जित्ती राहतीय व्हय?"

"नाही," शाहीन सावकाश म्हणाली. "स्लॅब एकच आहे. पण वरच्यांना काय फरक पडतो? आमच्या चाचण्यांत वरच्या घरातल्या कुणीच कधी..."

महानंदानं तिला अप्पांबद्दल सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला आणि शाहीनचा चेहरा उतरत गेला. अखेर ती म्हणाली, "काकू, ज्यांना पायानं ऐकावं लागतं अशी माणसं आम्ही धरलीच नव्हती. मी वरिष्ठांना आजच लिहिते. पण बंद करायचा अधिकार मला नाही. ते मालकाच्या हातात आहे."

मालक दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"वहिनी, मला वाईट वाटतंय," शेटे म्हणाला. आणि त्याला वाटतही असावं, कारण त्याचा पाठ देतानाचा गुळगुळीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पण माझंही ऐका. सुमती गेल्यापासून मला आवाजच सोसत नाही. वर काही आपटलं की छातीत धस्स होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा या नऊ दिवसांत मी सलग तासभर शांत बसलोय."

शेट्याची बायको सुमतीताई महानंदाला आठवत होत्या. पण लगेच तिला अप्पांच्या कपाळावरची खोक दिसली.

"तुमाला शांत बसायला मिळावं, म्हून माझ्या सासऱ्यांनी जित्तेपणी समाधी घ्यायची का?"

"असं टोकाचं बोलू नका. यात सोय आहे. रोज सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं पटल बंद ठेवता येतं. तेवढं मी करीन."

"अर्धा तास!" महानंदा म्हणाली. "आणि राहिलेले साडेतेवीस तास त्यांनी काय करायचं? तुमचे पाठ ऐकायचे?"

रविवारी सोसायटीची सभा भरली. सचिव दुधनीकरांनी नियमावली वाचली. प्रत्येकाला शांततेचा हक्क आहे. शेट्यांनी जे बसवलं ते स्वतःच्या हद्दीत बसवलं. म्हेत्रे यांच्या घरात कुणी खिळाही ठोकलेला नाही, मग तक्रार कसली? लोकांनी माना डोलावल्या. निम्म्यांच्या मनात आपल्याही छताला पापुद्रा लावायचं घोळत होतं. एका बाईंनी तर महानंदाला समजावलं, "अगं, तयार भाकऱ्या मिळतात हल्ली." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वर आवाज करायचा नाही हा नियम, आणि खाली मारलेला आवाज परत मागायला नियमच नाही!

"मी भाकरीसाठी भांडत न्हाई," महानंदा उभी राहून म्हणाली. "माझ्या घरात पाच पावलांवर मी असतीय, आणि ते इचारत्यात, घरात कोन हाय का. तुमच्या नियमात याला काय म्हनत्यात ते सांगा."

दुधनीकरांनी पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा.

सोमवारी सकाळी अप्पांनी दुधाची वाटी तोंडापुढून सारली. "खाऊन कुनासाठी जगायचं?" म्हणाले. मल्लिनाथ बस घेऊन हैदराबादेत होता. महानंदानं वाटी झाकून ठेवली आणि अप्पांचे दोन्ही हात धरून त्यांना उठवलं. ते विरोध करीत होते, पाय ओढत होते. एकेक पायरी चाचपडत तिनं त्यांना खाली आणलं, शेट्याची घंटा दाबली, आणि दार उघडल्यावर त्याला बाजूला सारून अप्पांना आत नेलं.

"हे बघा, माझा पाठ सुरू व्हायचाय..." शेटे म्हणत होता.

अप्पा खोलीच्या मध्यावर जाऊन थांबले. शेट्याच्या छताला पापुद्रा होता, फरशीला नव्हता. पहिल्या मजल्यावर बागवानांचं आठ जणांचं घर नेहमीच्या गडबडीत होतं. शेट्याला खालचं काही जाणवत नसे, कारण तो कायम मऊ सपाता घालून वावरायचा. अप्पांचे पाय अनवाणी होते.

त्यांची मान हळूहळू वर झाली. पायाची बोटं पसरली. मग ते खाली बसले आणि दोन्ही तळहात फरशीवर टेकून हसले. तेरा दिवसांनी हसले.

"हितं मानसं हायत!" ते मोठ्यानं म्हणाले. "ल्हान पोरगं पळूलालंय. कुनीतरी वाटन वाटूलालंय. महानंदा, हितं मानसं हायत गं!"

महानंदानं अप्पांचा हात धरून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"मी न्हाई येत," ते म्हणाले. "आपल्या घरात आता कुनी ऱ्हात न्हाई. मी हितंच ऱ्हातो."

बावीस वर्षं ज्या घरात ती त्यांना ताटं वाढत आली, ते घर त्यांनी एका वाक्यात रिकामं करून टाकलं. आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. ती शेट्याकडे वळली. ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो अगदी साधा.

"ऱ्हाऊ द्या त्यांना."

"म्हणजे? वहिनी, इथे कसं... मला सवय नाही. त्यांना ऐकू येत नाही, मी त्यांच्याशी बोलायचं कसं?"

"ते मला काय म्हाईत? त्यांचं घर तुमी घेतलंत. आता तुमचं द्या."

ती निघाली. पाठीमागे शेटे दोनदा 'वहिनी' म्हणाला, ती थांबली नाही. जिना चढताना तिच्या मनात घोळत होतं, आपण म्हाताऱ्या माणसाला परक्या घरात टाकून आलो, लोक काय म्हणतील, मल्लिनाथ काय म्हणेल, आणि अप्पांना तहान लागली तर? तरी ती परत फिरली नाही. घरात येऊन तिनं काटवट मांडली, पीठ घेतलं, ऊन पाणी ओतलं आणि मळायला लागली.

पहिली भाकरी झाली, दुसरी झाली. फरशी गप्पच. ती इतक्या रागानं थापत होती, की तिसरीला भोक पडलं. ती मोडून तिनं पुन्हा गोळा केला. चौथी तव्यावर टाकून ती पाचवी थापायला लागली, आणि चौथ्या-पाचव्या थापेला तिच्या मांडीखाली काहीतरी हललं. तिनं हात थांबवला. मग सावकाश एक थाप मारली. फरशीतून ती थाप तिच्या गुडघ्यापर्यंत आली, शेजारचा तांब्या थरथरला. तिनं देवाचं नाव घेतलं नाही की शेट्याचंही. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तिनं आधी उलटली.

दहा मिनिटांनी घंटा वाजली. दारात शेटे उभा होता. त्यानं अप्पांचा हात धरला होता, की अप्पांनी त्याचा, ते सांगणं कठीण होतं. शेट्याच्या कपाळावर घाम होता.

"ते उठेनात," तो म्हणाला. "मी पाणी दिलं, तर त्यांनी माझा चेहरा चाचपला आणि मला त्यांच्या मुलाच्या नावानं हाक मारली. मी त्यांचं बोलणं ऐकत होतो, पण मी काहीही बोललो तरी त्यांच्यासाठी तिथे कुणी नव्हतंच. मग मी... तुमच्या थापा भिंतीतून हाताला लागल्या, तेव्हा कुठे ते उठले. आज पटल बंद केलंय. आजच्यापुरतं. उद्याचं उद्या बघू."

"उद्या पन ते हायतच," महानंदा म्हणाली. "परवा पन."

अप्पांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, आणि थांबले. दुसरं पाऊल टाकलं. त्यांच्याकडे चालत येणाऱ्या महानंदाच्या दिशेला त्यांचं तोंड ती पोचायच्या आधीच वळलं.

"आलीस व्हय गं?" ते म्हणाले. "कुटं गेलतीस इतके दिस?"

तिला रडू फुटलं. पिठाच्या हातांनी तिनं त्यांचे दंड धरले. अप्पा मात्र कपाळाला आठ्या घालून पायानं फरशी चाचपत होते. आपल्याला इथवर घेऊन आलेला हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

"हे कोन हाय?" त्यांनी विचारलं. "हात हाय, पन पाय लागंना."

"मी शेटे," शेटे म्हणाला. "खालच्या मजल्यावरचा."

"कोन हाय म्हनतो मी?" अप्पांनी पुन्हा विचारलं.

शेटे तिच्याकडे बघायला लागला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या मऊ सपातांकडे बोट दाखवलं.

"काढा त्या," ती म्हणाली. "आणि पाय आपटा."

"काय?"

"पाय आपटा, शेटेसर. त्याबिगर तुमी त्यांच्यासाठी न्हाईच."

शेट्यानं सपाता काढल्या. अनवाणी पाय जरासा उचलला, इकडे तिकडे पाहिलं, आणि कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं फरशीवर ठेवला. अप्पांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"जोरात," महानंदा म्हणाली.